वाहनांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती

वाहनांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती म्हणजे मोटारगाडी, मालट्रक, बस यांसारख्या खऱ्या वाहनाची सर्व मापे एकाच पटीत लहान करून घडवलेली छोटी वाहने. जोडणीसंचातील भाग चिकटवून, बाजारातील खेळण्यात फेरफार करून किंवा सारे भाग स्वतः कापून अशा प्रतिकृती करण्याचा छंद जगात अनेक ठिकाणी जोपासला जातो. महाराष्ट्रात त्याला निराळे वळण लागले आहे. भारतीय मालट्रक व एसटी बस यांचे जोडणीसंच बाजारात सहसा मिळत नाहीत, त्यामुळे येथील हौशी कारागिराला कामाचा आरंभ मोजपट्टीपासून करावा लागतो. मूळ गाड्या भंगारात गेल्यावर त्यांच्या रूपाची नोंद पुष्कळदा अशा प्रतिकृतींतच उरते.

खेळणे आणि प्रतिकृती

खेळण्यात वाहनाचा भास पुरतो, प्रतिकृतीत मापांचा हिशेब द्यावा लागतो. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांची परंपरा जुनी आहे. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची ती गाडी मुलाच्या हाती शोभते, पण तिची चाके आणि टप यांचे परस्परप्रमाण खऱ्या गाडीशी जुळावे अशी कोणाचीच अपेक्षा नसते. इंग्लंडमधील डिंकी (१९३४ पासून) व मॅचबॉक्स (१९५३ पासून) या ओतीव धातूच्या छोट्या गाड्यांनी खेळणे आणि प्रतिकृती यांच्यातील अंतर बरेच कमी केले. डिंकीचे काही साचे पुढे कोलकात्यास आले आणि त्यांतून ‘निकी टॉइज’ या नावाने गाड्या निघू लागल्या. अमेरिकेत एएमटी या कंपनीने १९५८ मध्ये एकाच संचातून मूळ, सुशोभित किंवा शर्यतीची अशा तीन प्रकारांनी गाडी जुळवता येईल अशी सोय केली. आपल्या मर्जीने गाडीचे रूपांतर करण्याच्या प्रवृत्तीला तेथून मोठी चालना मिळाली.

प्रमाण

प्रमाण १:२४ असे लिहितात. खऱ्या वाहनाचे २४ सेंटिमीटर प्रतिकृतीत १ सेंटिमीटर होतात, असा त्याचा अर्थ. मोटारगाड्यांच्या संचांसाठी १:२४ व १:२५, मालट्रकांसाठी १:२४ व १:३२, ओतीव संग्राह्य गाड्यांसाठी १:१८ व १:४३, आणि छोट्या रेल्वेच्या देखाव्यात उभ्या करायच्या गाड्यांसाठी १:८७ ही प्रमाणे रूढ आहेत. ११ मीटर लांबीची बस धरल्यास ती १:२४ मध्ये सुमारे ४६ सेंटिमीटर, १:४३ मध्ये साडेपंचवीस आणि १:८७ मध्ये अवघी साडेबारा सेंटिमीटर भरते. घरातील फळीची लांबी पाहून प्रमाण ठरवणारे पुष्कळ आहेत, आणि त्यात काही गैर नाही.

खिशात मावणाऱ्या गाड्या सर्रास १:६४ म्हणून ओळखल्या जातात. प्रत्यक्षात त्यांतील अनेक गाड्या ठरावीक आकाराच्या वेष्टनात बसाव्यात म्हणून लहान-मोठ्या केलेल्या असतात. म्हणूनच त्या मालिकांतील मालट्रक शेजारच्या मोटारीएवढाच दिसतो. देखावा उभारताना अशा गाड्या एकत्र मांडल्यास डोळ्यांना खटकते.

मोजमाप कसे घेतात

कंपनीचा आराखडा हाती नसला तरी उभ्या वाहनाची मापे मिळवता येतात. त्यासाठी वाहनावरील एखादी ज्ञात लांबी आधाराला घेतात. अवजड व्यापारी वाहनांच्या नंबर पाटीचे नियमातील माप ३४० × २०० मिलिमीटर आहे. गाडीच्या बरोबर समोरून घेतलेल्या छायाचित्रात ही पाटी मोजली की पुढची काच, दिवे, जाळी यांची मापे त्रैराशिकाने निघतात. बाजूच्या छायाचित्रात टायर उपयोगी पडतो. मालट्रकांना सामान्यतः लागणाऱ्या १०.००-२० टायरचा व्यास साधारण १०५ सेंटिमीटर, म्हणजे १:२४ मध्ये ४४ मिलिमीटर असतो.

या रीतीत एक सापळा आहे. जवळून घेतलेल्या छायाचित्रात गाडीचा मधला भाग फुगतो आणि टोके आक्रसतात. पुरेसे मागे जाऊन, कॅमेरा गाडीच्या निम्म्या उंचीवर धरून चित्र घेतल्यास ही चूक पुष्कळ कमी होते. तरीही दोन चाकांच्या आसांमधील अंतर प्रत्यक्ष फितीने मोजलेले बरे. ते एकदा चुकले की पुढची प्रत्येक खिडकी चुकत जाते. एसटीच्या आगारात मोजणी करायची तर आगार व्यवस्थापकांची परवानगी आधी घ्यावी लागते.

एसटी बसच्या प्रतिकृती

महाराष्ट्रातील कारागिरांचा सर्वांत आवडता विषय एसटी. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आता अहिल्यानगर) अशी पहिली एसटी धावली. ती बेडफर्ड गाडी होती, सांगाडा लाकडी होता, आसने काथ्याची होती आणि रंग निळा व रुपेरी होता. ‘लाल परी’ हे नाव अंगवळणी पडल्यामुळे पहिल्या बसची प्रतिकृतीही लाल रंगवण्याचा मोह होतो, आणि तेथे ती चुकते. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांनंतर आलेल्या निमआराम गाड्यांना लोकांनी ‘एशियाड’ म्हटले. २०१७ मध्ये शिवशाही आली, तर १ जून २०२२ रोजी पुणे–अहमदनगर याच मार्गावर विजेवर चालणारी शिवाई सुरू झाली. यांतील प्रत्येक गाडीची खिडकी, दार आणि रंगपट्टा वेगळा आहे. ‘एसटीची प्रतिकृती’ एवढे म्हणून भागत नाही. कोणत्या काळातील, हे ठरवावे लागते.

महामंडळ टाटा किंवा अशोक लेलँडची चासी घेऊन तिच्यावर स्वतःच्या कार्यशाळांत सांगाडा चढवीत आले आहे. दापोडी, छत्रपती संभाजीनगरजवळील चिकलठाणा आणि नागपूरजवळील हिंगणा येथे या मध्यवर्ती कार्यशाळा आहेत. गाडीची नोंदणी बहुधा कार्यशाळेच्या ठिकाणी होत असल्याने साध्या गाड्यांच्या नंबरात एमएच १४, २० किंवा ४० हे आकडे वारंवार दिसतात. तासगाव आगाराची बस करताना ‘सांगली जिल्हा म्हणून एमएच १०’ असा नंबर टाकला तर जाणकाराला ती बस चटकन परकी वाटते. देशभर दोन अक्षरी राज्यसंकेत १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याआधीच्या गाडीवर ‘एमएच’ लिहिणे ही त्याच जातीची चूक होय.

टपावरची सामानाची जाळी, मागची शिडी, वाहकाच्या घंटेची दोरी आणि मार्गाची पाटी या तपशिलांनी एसटी ओळखू येते. पाटीवरची देवनागरी अक्षरे हा कसोटीचा भाग आहे. मूळचे १२ सेंटिमीटर उंचीचे अक्षर १:२४ मध्ये ५ मिलिमीटर होते, आणि त्यावरची वेलांटी किंवा अनुस्वार कुंचल्याने नीट उतरत नाही. त्यामुळे पाट्या संगणकावर जुळवून छापून घेतात. महामंडळाच्या सहकार्याने भरलेल्या ‘वारी लालपरीची’ या फिरत्या प्रदर्शनात एसटीच्या बदलत्या रूपांच्या प्रतिकृती पाहावयास मिळाल्या.

मालट्रक आणि मोटारगाड्या

भारतीय मालट्रकाच्या प्रतिकृतीत केबिनचे रूप सर्वांत आधी पाहिले जाते. टाटा कंपनीने डाइमलर-बेंझशी करार करून १९५४ मध्ये मालट्रक बनवण्यास आरंभ केला. १९६९ मध्ये करार संपेपर्यंत त्यांवर मर्सिडीजचा तारा असे, पुढे तेथे टाटांचे ‘टी’ हे चिन्ह आले. केबिन तीच आणि चिन्ह निराळे, एवढ्या फरकावरून प्रतिकृतीचा काळ ठरतो. मागच्या फाळक्यावरील ‘हॉर्न ओके प्लीज’ या शब्दांचेही तसेच आहे. महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने ३० एप्रिल २०१५ रोजी ते लिहिण्यास मनाई केली. हौद्याच्या फळ्या, ताडपत्रीच्या दोरीचे आकडे, कमानपट्टे आणि आरशाला बांधलेली काळी गोंडे हे भाग करताना कारागिराचा वेळ जातो, पण मालट्रक जिवंत दिसतो तो त्यांमुळेच.

मोटारगाड्यांत मुंबईच्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीला मोठी मागणी आहे. ही टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. बेस्टच्या डिझेलवरील दुमजली बस त्याच वर्षी १५ सप्टेंबरला थांबल्या. अशी वाहने रस्त्यावर असेपर्यंत त्यांची मापे घेण्याचे कोणाला सुचत नाही आणि नंतर मोजायला गाडी उरत नाही, ही या छंदातील जुनी खंत आहे.

साहित्य आणि रूपांतर

सांगाड्यासाठी सनबोर्ड, कार्डशीट आणि पातळ प्लॅस्टिकचे पत्रे वापरतात. पूर्वी थर्मोकोल पुष्कळ वापरला जाई. त्यावर फवाऱ्याचा रंग मारताच त्यातील द्रावकाने थर्मोकोल विरघळून खड्डे पडतात, हे अनेकजण पहिली गाडी गमावून शिकतात. खिडक्यांना पारदर्शक प्लॅस्टिक, सळ्यांना तांब्याची तार, तर टायरांना रबरी नळीचे काप चालतात.

रंगाच्या थरालाही प्रमाण असते. पाव मिलिमीटर जाडीचा थर १:२४ मध्ये खऱ्या गाडीवरील ६ मिलिमीटरच्या लेपाएवढा दिसतो आणि पत्र्याच्या फटी बुजवून टाकतो. म्हणून पातळ रंगाचे अनेक हात देतात. मूळ गाडीचाच रंग लहान आकारावर अधिक गडद भासतो. त्यात थोडा पांढरा मिसळावा लागतो.

ओतीव खेळण्यांचे रूपांतर करणारे कारागीर तळाचे रिव्हेट छिद्रयंत्राने काढून गाडी मोकळी करतात, जुना रंग उतरवतात, चाके बदलतात आणि टप कापून किंवा हौदा जोडून नवी गाडी उभी करतात. धूळ, गंज, आणि उसाच्या हंगामातील चिखलाचे शिंतोडे कोरड्या रंगाच्या भुकटीने दाखवता येतात. येथे हात आवरता घेणे अनेकांना जमत नाही.

तासगाव परिसरातील विषय

द्राक्षे आणि बेदाणे यांच्या व्यापारामुळे तासगावात मालवाहू वाहनांची वर्दळ असते. द्राक्षांचे क्रेट भरलेली छोटी पिकअप गाडी, बेदाण्याची खोकी वाहणारा ट्रक, दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर हे विषय कारागिराला गावातच सापडतात, आणि त्यांचे तयार संच नसल्याने ते नवेही राहतात.

याच गावात यंत्राविना चालणारे एक मोठे वाहन आहे. परशुरामभाऊ पटवर्धन यांनी बांधलेल्या गणपती मंदिराचा लाकडी रथ भाद्रपद शुद्ध पंचमीस भाविक दोरखंडांनी काशीविश्वेश्वर मंदिरापर्यंत ओढत नेतात. रथाची उंची सुमारे ३० फूट आहे. १:२४ प्रमाणात तो ३८ सेंटिमीटर होईल, शेजारी उभ्या केलेल्या एसटीच्या लांबीहून थोडा कमी. त्याची प्रतिकृती लाकडाचीच करायची तर लाकडाच्या रेषांची अडचण येते. लाकूड कापून लहान करता येते, पण त्यातील रेषा लहान होत नाहीत, आणि ठळक रेषांचे साग वापरल्यास छोटा रथ खेळण्यासारखा दिसू लागतो. त्यासाठी बारीक पोताचे लाकूड निवडून त्यावर सागाचा रंग देतात.