अरुंद रुळांचें प्रमाण



माणगांवच्या स्टेशनावर उभें राहिलें म्हणजे कोंकण रेल्वेची गाडी पांच फूट सहा इंच रुंदीच्या रुळांवरून धडधडत जातांना दिसते. हा मार्ग १९९३ सालीं आमच्या गांवीं आला, आणि तेव्हांपासून येथील मुलांना रेल्वे म्हणजे हीच ठाऊक. परंतु याच रायगड जिल्ह्यांत, नेरळहून, अवघ्या दोन फूट रुंदीच्या रुळांवरून एक गाडी माथेरानच्या डोंगराला वळसे घालीत चढते. ती पाहून आलेल्या शेजारच्या एका शाळकरी मुलानें मला विचारलें, "काका, ही गाडी आमच्या माजघरांतल्या फळीवर बसवायची तर केवढी करूं?" प्रश्न साधा, उत्तरासाठीं मात्र मला बराच इतिहास चाळावा लागला.

खेळण्यांतल्या रेल्वेला शिस्त लावली ती जर्मनींतील मार्कलिन या कारखान्यानें. १८९१ सालीं लाइपझिगच्या जत्रेंत त्यानें रुळांच्या रुंदीप्रमाणें आपल्या गाड्यांना क्रमांक दिले. पुढें बत्तीस मिलिमीटरांच्या मापाला 'शून्य' हें नांव पडलें, आणि घरें लहान होत गेलीं तसें त्या शून्याचेंहि अर्धें झालें! हें साडेसोळा मिलिमीटरांचें माप. त्यांत खऱ्या फुटास साडेतीन मिलिमीटर पडतात. इंग्रज कारागिरांची अडचण निराळी. त्यांच्या देशांतलीं इंजिनें अंगानें सडपातळ असल्यामुळें त्या वेळची मोटार आंत मावेना. तेव्हां त्यांनीं फुटास चार मिलिमीटर धरून इंजिन फुगविलें आणि रूळ मात्र होते तेच ठेवले. हिशेबानें ते अठरा मिलिमीटरांहून अधिक रुंद हवे होते. सोयीसाठीं केलेली ही चूक अद्याप चालूच आहे.

१९६० च्या सुमारास न्यूरेंबर्गच्या अर्नोल्ड कारखान्यानें नऊ मिलिमीटर रुळांची गाडी काढली. ती मोठ्या रेल्वेची चिमुकली प्रतिकृति होती. पण अरुंद मार्गांच्या शौकिनांनीं तिचीं चाकें नि मोटार घेऊन त्यांवर आपल्या मोठ्या प्रमाणाचे डबे चढविले. आमच्या मुलाची निवड येथेंच अडते. फुटास चार मिलिमीटर धरल्यास माथेरानचे रूळ आठ मिलिमीटर व्हावेत. बाजारचे नऊ वापरले तर खरा मार्ग जणूं तीन इंचांनीं रुंदावतो. साडेतीन मिलिमीटर धरल्यास हीच तफावत जवळजवळ सात इंचांची होते. सात मिलिमीटर धरले तर रूळ बरोबर चौदा येतात, परंतु ते बहुधा हातानेंच घडवावे लागतात.

आणि गंमत पाहा! एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनियराची बार्शी लाइट रेल्वे १८९७ सालीं सुरू झाली. तिचे रूळ अडीच फुटांचे. एका आंसावर पांच टनांपेक्षां अधिक भार येऊं द्यावयाचा नाहीं, हें त्याचें सूत्र. त्यामुळें हलक्या रुळांवरूनहि पुष्कळ माल जाई. ही बार्शीची गाडी साडेतीन मिलिमीटरांच्या प्रमाणांत केली तर रूळ पावणेनऊ मिलिमीटर येतात, म्हणजे बाजारच्या नऊशीं पाव मिलिमीटराचा फरक! बार्शीचा तो अरुंद मार्ग एकविसाव्या शतकाच्या आरंभीं रुंद मार्गांत लोपला. आतां त्याची रुंदी पाहावयाची तर प्रतिकृतींतच. तेथें तरी ती खरी असावी, असें मला मनापासून वाटतें.

माथेरानचा मार्ग आदमजी पीरभाय यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनीं १९०४ ते १९०७ या काळांत सोळा लाख रुपये खर्चून बांधविला. त्याचीं वाफेचीं इंजिनें ओरेनस्टाइन आणि कोपेल या जर्मन कंपनीनें बनविलीं. त्यांचे पुढचे-मागचे आंस वळणावर बाजूला सरकत. तयार मोटारीच्या ताठ आंसांत हें कौशल्य कोठून येणार? शिवाय जागा! सुमारें वीस किलोमीटरांचा हा मार्ग चार मिलिमीटरांच्या प्रमाणांतहि अडीचशे मीटरांहून लांब भरेल. वीसांस एक हा त्याचा कमाल चढ चार फुटांच्या फळीवर घेतला, तर गाडी जेमतेम अडीच इंच वर जाते. म्हणून सारा डोंगर न करतां जुम्मापट्टीसारखें एखादें स्टेशन किंवा एकच वळण करावें.

मीं मुलाला चार मिलिमीटरांचें प्रमाण आणि नऊचे रूळ सुचविले. माझा हेतु व्यवहारी होता: गाडी लवकर धांवूं लागेल, मुलाचा उत्साह टिकेल. रूळ गिलटाचे घे, फळीला दोन्ही बाजूंनीं रोगण लाव, नाहीं तर कोंकणचा पाऊस तुझा मार्ग वांकडा करील, हेंहि सांगितलें.

त्यानें निमूटपणें ऐकून घेतलें. आठ दिवसांनीं पाहतों तों त्यानें फळीवर बांबूच्या कामट्यांचे स्लीपर मांडलेले, आणि रुळांमधील अंतर मोजण्यासाठीं चौदा मिलिमीटर रुंदीचा लांकडी ठोकळा घासून केलेला. "काका, माथेरानची गाडी दोन फुटांचीच आहे ना?" तो म्हणाला. हातभर मार्ग तयार झाला आहे. इंजिनाचा अद्याप पत्ता नाहीं.