शेगावची कचोरी आणि फाळणीचा धडा

मंडळी, वऱ्हाडाबाहेर कुणी विचारलं की तुमच्याकडचं खास काय, तर आम्हा बुलढाणेकरांच्या तोंडी दोन नावं हटकून येतात. एक गजानन महाराज आणि दुसरी शेगावची कचोरी. दोन्ही एका दमात घेतल्याबद्दल भाविकांनी रागावू नये. पण गंमत अशी की अस्सल वऱ्हाडी म्हणावा तो महाराजांचा नैवेद्य, पिठलं-भाकरीचा. कचोरी मात्र मूळची आपली नव्हेच. ती आली फाळणीमुळे.

तीरथराम करमचंद शर्मा हे पंजाबातले. १९४७ साली देशाचे दोन तुकडे झाले आणि लाखो माणसं घरदार सोडून निघाली. सिंधी निर्वासितांच्या कल्याणच्या छावणीचं १९४९ मध्ये उल्हासनगर झालं. पेशावरकडून आलेल्या मंडळींनी दिल्लीत दर्यागंजला मोती महाल थाटलं. शर्मांचं बस्तान बसलं ते शेगावला. १९५० च्या सुमारास त्यांनी तिथल्या रेल्वे स्टेशनवर कचोरी विकायला सुरुवात केली.

जागा मोठी हुशारीची होती. मुंबईहून नागपूरला जाणारी रेल्वे १८६७ मध्येच पुरी झाली होती. महाराज शेगावात प्रकटले १८७८ साली आणि १९१० मध्ये त्यांनी समाधी घेतली. त्यामुळे गाव लहान असलं तरी स्टेशनावर भाविकांची ये-जा बारमाही. शिवाय मेन लाइनच्या गाड्यांतले प्रवासी वेगळेच.

पदार्थही गाडीसाठीच केल्यासारखा. चपटी, तळहातावर मावणारी कचोरी. आत डाळीचं तिखट, कोरडं सारण. मंद आचेवर तळल्यामुळे ओलावा निघून जातो, म्हणून ती प्रवासात लवकर खराब होत नाही. सोबत चटणीऐवजी तळलेली हिरवी मिरची. ताटली नको, वाटी नको, चमचा नको. गाडी थांबली, खिडकीतून पैसे दिले, कागदाचा पुडा घेतला, झालं! पुढे १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनी वडापाव सुरू केला, त्याचंही गणित हेच. वडापावचं कौतुक सगळेच करतात, पण आमची कचोरी त्याच्याहून पंधराएक वर्षांनी वडील आहे बरं का!

शर्मा कुटुंबाच्या पुढच्या पिढ्यांनी धंदा चालू ठेवला. १९८३ मध्ये शेगावात इंजिनीअरिंग कॉलेज निघालं आणि गावोगावची पोरं शिकायला आली. सुटीत घरी जाताना पिशवीत प्रसादाबरोबर कचोरीचा पुडा असायचाच. आता तर गावोगावी 'शेगाव कचोरी'च्या पाट्या दिसतात. त्यातल्या बहुतेकांचा शर्मांशी काडीचा संबंध नाही.

हे सारं लिहायचं कारण वेगळंच आहे. मी शाळेत इतिहास शिकवायचो. फाळणीचा धडा आला की मुलांचे चेहरे कोरे. लाहोर, अमृतसर, रॅडक्लिफ रेषा हे सगळं त्यांच्या दृष्टीनं नकाशाच्या दुसऱ्या टोकाचं. मग मी विचारायचो, "शेगावची कचोरी कोणी कोणी खाल्ली?" सगळा वर्ग हात वर करायचा. "मग फाळणी तुमच्या नांदुऱ्यापासून दोन स्टेशनांवर आहे," असं म्हटलं की वर्ग चिडीचूप व्हायचा. नांदुरा, जलंब, शेगाव. बस्स, एवढंच अंतर.

हल्ली 'आपला कोण, बाहेरचा कोण' याचे वाद फार ऐकू येतात. वाद घालणाऱ्यांच्या हातात पुष्कळदा कचोरी असते, हा भाग निराळा! मला एवढंच वाटतं की ज्या माणसाचं गाव सुटलं त्यानं हातची कला सोडली नाही, आणि ज्या गावी तो आला त्या गावानं त्याला परका मानलं नाही. लोकांनी तिला ना पंजाबी कचोरी म्हटलं, ना निर्वासितांची कचोरी. शेगावनं आपलं नाव तिला देऊन टाकलं. आणि तिनं ते नाव महाराष्ट्रभर नेलं. मला तरी या व्यवहारात कुणाचं नुकसान झालेलं दिसत नाही.

तेव्हा नातवंडांनो, पुढच्या खेपेला शेगावला उतरलात तर कचोरी जरूर खा. पण खाताना तीरथरामजींची आठवण एकदा काढा. मिरची मात्र जपून!