आंबट बिअरचा वनवास

बिअरच्या इतिहासात आंबटपणाची गणना बहुधा दोषांत केली जाते. आमच्या मते ही दृष्टी जेमतेम दीडशे वर्षांची असून तिची जडणघडण प्रयोगशाळेत झाली आहे.

बेल्जियममध्ये ब्रसेल्स व त्याच्या नैर्ऋत्येकडील पायोटेनलंड या परिसरात लाम्बिक नावाची बिअर बनते. तिच्यात मोड आणून वाळवलेल्या जवाबरोबर सुमारे एक तृतीयांश मोड न आणलेला गहू असतो. हॉप्स घालतात तेही जुने, साठवणीत कडवटपणा ओसरलेले. उकळलेला रस थंडीच्या दिवसांत रात्रभर उथळ, उघड्या हौदात निवत ठेवतात. त्यात यीस्ट कोणी घालत नाही. विरजणाच्या मडक्याप्रमाणे पिंपाच्या लाकडातही मागचे आंबवण वस्तीला असते. ते आणि हवेतील सूक्ष्मजीव मिळून एक ते तीन वर्षे काम करतात. या बिअरमध्ये आंबट चेरी मुरवली की तिला 'क्रीक' म्हणतात.

पाश्चर यांच्या १८७६ च्या ग्रंथाच्या शीर्षकातच बिअरच्या 'रोगां'चा उल्लेख आहे. १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेन यांनी एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवण्याची रीत सिद्ध केली. बिअरची चव भरवशाची झाली. मात्र त्याच मापाने रानटी यीस्ट अपराधी ठरले. गंमत अशी, की कार्ल्सबर्गच्याच क्लाउसेन यांनी १९०४ मध्ये दाखवून दिले, की मुरलेल्या इंग्रजी बिअरची खास चव अशाच एका यीस्टची देणगी आहे. त्याला त्यांनी 'ब्रेटॅनोमायसिस', म्हणजे ब्रिटिश बुरशी, असे नाव दिले. १९२१ साली लाम्बिकमधील त्याच्या भाईबंदाला ब्रसेल्सचे नाव मिळाले.

अमेरिकेत घरगुती बिअरला मुभा देणाऱ्या कायद्यावर १९७८ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी सही केली. पुढे तेथील हौशी मंडळी लाम्बिककडे वळली. १९९० साली झाँ-झाव्हिए गिनार यांचे 'लाम्बिक' हे पुस्तकही आले. पण ब्रसेल्सची हवा घरी कोठून आणावी? म्हणून प्रयोगशाळेत वाढवलेले ब्रेटॅनोमायसिस व आंबट करणारे जिवाणू विकत घेऊन रसात सोडायचे, महिनोन्‌महिने थांबायचे, मग चेरी किंवा रासबेरी घालायची. फळातील साखरेने आंबवण पुन्हा जागे होते. ते पुरते शमल्यावाचून बाटली भरली, तर ती फुटण्याचा धोका असतो. ज्या शुद्ध संवर्धनाने रानटीपणा हद्दपार केला, त्याच्याच हातून तो कुपीत बंद होऊन परतला.

मग या घरगुती बिअरला नक्कल म्हणावे काय? साहित्याच्या अध्यापकांना हा प्रश्न परका नाही. कृती परदेशी नेता येते, भूमी नेता येत नाही. भाषांतरकाराची अडचणही हीच असते. बेल्जियमबाहेरचे अनेक कारागीर आपल्या बिअरला 'लाम्बिक' न म्हणता 'लाम्बिक शैलीची' म्हणतात. मूळ कृतीचे ऋण मान्य करून आपल्या मातीत नवी कृती उभी करण्याचा हा प्रामाणिक मार्ग आम्हांला नकलेहून निराळा आणि अधिक मोलाचा वाटतो.