पडद्याचा मेंदू कुठे असावा? १९७५ पासूनचा एक वाद

नवा टीव्ही घेताना आज घरोघरी एक प्रश्न पडतो. स्मार्ट टीव्हीच्या आतल्या यंत्रणेवर भिस्त ठेवावी, की पडद्याला वेगळी स्टिक वा बॉक्स जोडावा? हा प्रश्न ओटीटीच्या काळातला वाटतो खरा. परंतु त्याचे मूळ बरेच मागे, व्हिडिओ रेकॉर्डरच्या जन्मकाळात आहे.

१९७५ मध्ये सोनीने अमेरिकेत ‘एलव्ही-१९०१’ हे यंत्र आणले. एकाच लाकडी पेटीत १९ इंची ट्रिनिट्रॉन टीव्ही आणि बीटामॅक्स रेकॉर्डर. किंमत दोन हजार डॉलरांहून अधिक. ज्याच्या घरी टीव्ही होताच, त्याने दुसरा का घ्यावा? पुढच्याच वर्षी सोनीने सुटा रेकॉर्डर सुमारे १३०० डॉलरांना विकायला काढला आणि व्हिडिओचा प्रसार पुढे मुख्यतः सुट्या यंत्रांनीच झाला. आपल्याकडे १९८० च्या दशकात व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर चित्रपट पाहिले जात, तेही यंत्र उचलून नेता येत होते म्हणूनच.

इंटरनेट टीव्हीवर आणण्याचा पहिला गाजलेला प्रयत्न, १९९६ चा ‘वेबटीव्ही’, हाही सुटा बॉक्सच होता. मात्र आजच्या परिस्थितीचे बीज पडले ते २००७ मध्ये.

त्या वर्षाच्या जानेवारीत नेटफ्लिक्सने संगणकावर चित्रपट दाखवायला आरंभ केला. ते टीव्हीपर्यंत नेण्यासाठी कंपनी स्वतःचा बॉक्स घडवत होती. ‘प्रोजेक्ट ग्रिफिन’ हे त्याचे अंतर्गत नाव आणि अँथनी वुड त्याचे सूत्रधार. बॉक्स बाजारात येण्याच्या बेतात असताना प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी तो थांबवला. आपणच यंत्र विकू लागलो, तर इतर उत्पादक आपल्याला प्रतिस्पर्धी समजतील आणि त्यांच्या यंत्रांत आपल्याला जागा देणार नाहीत, ही त्यांची भीती. काम वुड यांच्याच ‘रोकू’ कंपनीकडे गेले. (‘रोकू’ म्हणजे जपानीत सहा, ही वुड यांची सहावी कंपनी!) मे २००८ मध्ये तो बॉक्स ९९.९९ डॉलरांना विकला जाऊ लागला. लगेच २००९ मध्ये एलजीने नेटफ्लिक्स थेट टीव्हीतच बसवले. एकाच निर्णयातून दोन्ही वाटा फुटल्या. माझ्या मते या साऱ्या इतिहासातील हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय होय.

२०१० मध्ये गूगलने दोन्ही वाटांवर एकदमच पाऊल टाकले. ‘गूगल टीव्ही’ सोनीच्या संचातही होता आणि लॉजिटेकच्या २९९ डॉलरांच्या बॉक्समध्येही. अमेरिकी वाहिन्यांनी आपले कार्यक्रम त्यावर रोखून धरले आणि तो प्रयोग फसला. २०१३ मध्ये त्याच गूगलचे ३५ डॉलरांचे क्रोमकास्ट मात्र हातोहात खपले.

मग स्मार्ट टीव्ही इतके स्वस्त कसे? उत्तराचा एक भाग २०१७ मध्ये उघड झाला. व्हिझिओ कंपनीने सुमारे १ कोटी १० लाख टीव्हींवरून, प्रेक्षकांच्या संमतीविना, ते काय पाहतात याची नोंद गोळा केल्याचा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला. तडजोड २२ लाख डॉलरांवर झाली. सुटी यंत्रेही या बाबतीत सोवळी नाहीत. जाहिरात हा रोकूच्याही मिळकतीचा मोठा आधार आहे. तेव्हा केवळ खासगीपणासाठी स्टिक घेणाऱ्याने फार आशा बाळगू नये.

खरा फरक दिसतो तो वयाचा. डिसेंबर २०१९ मध्ये नेटफ्लिक्सने काही जुन्या यंत्रांवरील सेवा बंद केली. त्यांत सॅमसंगचे २०१०-११ चे काही टीव्ही होते, तसेच रोकूचे आरंभीचे बॉक्सही होते. तांत्रिक मर्यादेचा फटका दोघांनाही सारखाच बसला. नुकसान मात्र सारखे नव्हते. रोकूवाल्याला तळहातावर मावणारा बॉक्स बदलावा लागला. सॅमसंगवाल्यासमोर उत्तम चालणारा मोठा पडदा होता आणि त्यावर चालेनासे झालेले एक ॲप. सुदैवाने त्या पडद्यामागे एचडीएमआयची खाच होती. नवी स्टिक तिथे खोचली की काम भागत होते.

आज दुकानात साधा टीव्ही शोधूनही क्वचितच सापडतो. त्यामुळे निवड करायची ती पडद्याचीच. चित्राचा दर्जा पाहावा, मागे एचडीएमआयच्या खाचा किती आहेत ते मोजावे. आतली यंत्रणा चालेल तितकी वर्षे वापरावी. ती रखडू लागली की स्टिक आणावी, टीव्ही बदलू नये.