चिनी सून सोलापुरात कधी आली?

गेल्या शनिवारी पुण्यात धो धो पाऊस होता. रिलीज पुढे ढकललेलं, रूममेट गावाला गेलेला, म्हणजे वर्षातून दोनदा येणारा योग. एका वेबसिरीजचे तीन भाग बघितले (त्याबद्दल काहीही लिहिण्यासारखं नाही) आणि मग बऱ्याच वर्षांचं एक कर्ज फेडायचं ठरवलं. 'डॉ. कोटनीस की अमर कहानी', १९४६, व्ही. शांताराम. सोलापूरचा असून हा सिनेमा बघितलेला नाही, हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. भैय्या चौकातून हजार वेळा गेलो असेन, कोटणीसांचं स्मारक तिथंच आहे, शाळेची सहल आत जाऊन आलीय. पण सिनेमा? छे.

बघायची गरजच वाटली नव्हती, कारण गोष्ट मला पाठ होती. आजोबांनी सांगितलेली. लाईट गेली की आम्ही नातवंडं गच्चीवर त्यांच्याभोवती बसायचो, आणि भुताच्या गोष्टी संपल्या की कोटणीस यायचे. डॉक्टर चीनला गेला, तिथल्या बाईशी लग्न केलं, तिथंच मेला. मग त्याची चिनी बायको तान्हं बाळ घेऊन सोलापूर स्टेशनवर उतरली. "एवढंसं बाळ हो, शालीत गुंडाळलेलं. सगळं गाव बघायला." आजोबा हे इतकं डोळ्यांसमोर उभं करायचे की आम्ही कधी विचारलंच नाही, की आजोबा, तुम्ही तेव्हा कुठं उभे होता?

तर सिनेमा संपत आला होता. डॉक्टर मरणाच्या दारात. तो बायकोला आपल्या घराची वाट सांगतोय, तिथं पोचल्यावर तुला काय काय दिसेल ते सांगतोय. आणि पडद्यावर ती खरोखर निघते, बाळाला घेऊन, थेट त्याच्या घरच्या माणसांपर्यंत पोचते. मी लॅपटॉप मांडीवरून खाली ठेवला. हे तर आजोबांचं! तीच बाई, तेच बाळ. म्हणजे आजोबा १९४६ साली, अकराव्या वर्षी, कुठल्यातरी टॉकीजमध्ये बसून हे बघत होते, आणि पुढची साठ वर्षं ते आम्हाला सोलापुरात घडलेली गोष्ट म्हणून सांगत होते.

मग काय, रविवार गेला त्यातच. खरं काय घडलं हे जुळवत बसलो.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म सोलापूरचा, १० ऑक्टोबर १९१०. (वडिलांचं नाव शांताराम, आणि पडद्यावर त्यांचं काम करणारा माणूसही शांताराम. योगायोगच, पण मजेशीर.) मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिक्षण झालं. १९३७ ला जपानने चीनवर मोठं आक्रमण केलं. चिनी सेनापती चू तेह यांनी नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. १९३८ ला काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषबाबू, आणि काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. १ सप्टेंबर १९३८ ला हे लोक मुंबईहून बोटीने निघाले. आपला माणूस तेव्हा सत्तावीस वर्षांचा. माझ्यापेक्षा एक वर्षाने लहान!

चीनमध्ये पाचही जणांच्या चिनी नावांत शेवटी 'हुआ' जोडलं गेलं. हुआ म्हणजे चीन. कोटणीसांचे झाले 'क दीहुआ'. वाटेत, चुंगकिंगला असताना, वडील गेल्याची बातमी आली. परत फिरायला याहून मोठं कारण काय असतं? ते परतले नाहीत. फेब्रुवारी १९३९ मध्ये येनानला, म्हणजे कम्युनिस्टांच्या मुख्य ठाण्यावर पोचले आणि तिथून पुढे आघाडीवर. इथं मी वाचता वाचता थांबलो. माझ्या इनबॉक्समध्ये दोन आठवडे एक मेल पडून आहे, जर्मनीत दोन वर्षं ऑनसाईट, आणि बाबांच्या अँजिओप्लास्टीला जेमतेम आठ महिने झालेत. तुलना करायची लायकी नाही माझी, हे माहितीय. तिकडं गोळ्या, इकडं मीटिंगा. पण थांबलो खरा.

असो. आघाडीवर औषधं नाहीत, हत्यारं नाहीत, भूल द्यायची मारामार. १९४० च्या मोठ्या लढाईत कोटणीस झोप न घेता सलग ७२ तासांपर्यंत शस्त्रक्रिया करत राहिले आणि आठशेच्या वर जखमींवर उपचार केले, अशी नोंद सापडते. कॅनडाचे डॉक्टर नॉर्मन बेथून याच भागात काम करता करता नोव्हेंबर १९३९ मध्ये जंतुसंसर्गाने गेले होते. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाची सूत्रं जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसांकडे आली. बेथून यांच्याच समाधीच्या कार्यक्रमात त्यांची क्वो छिंगलान या परिचारिकेशी ओळख झाली होती. हा परका माणूस चिनी नुसतं बोलत नाही, लिहितोसुद्धा, याचं तिला मोठं नवल वाटलं. १९४१ ला लग्न झालं, २३ ऑगस्ट १९४२ ला मुलगा. नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. आणि ९ डिसेंबर १९४२ ला अपस्माराच्या झटक्यांनी डॉक्टर गेले. वय ३२. पोरगं साडेतीन महिन्यांचं.

सिनेमात काय आहे? सिनेमात प्लेग आहे. डॉक्टर प्लेगवर उपाय शोधतो आणि त्या खटाटोपात स्वतःच प्लेगच्या तावडीत सापडतो. जपान्यांच्या कैदेत पडतो, सुटतो. आपल्या बायोपिकवाल्यांना नावं ठेवायची माझी जुनी सवय आहे (एकच सुबोध भावे बालगंधर्वही आणि टिळकही आणि घाणेकरही, हा आमच्या ऑफिसातला कायमचा विनोद). पण पटकथेत मसाला भरायचं दुकान १९४६ लाच उघडलेलं होतं, हे कळल्यावर जरा बरंच वाटलं. शांताराम तेव्हा पंचेचाळिशीला आलेले, आणि सत्तावीस वर्षांच्या डॉक्टरचं काम करतायत. बाबूराव पेंढारकर चिनी जनरल झालेत. चिंगलान झाल्यात शांतारामांच्या पत्नी जयश्रीबाई, आणि अख्खा चीन अस्खलित हिंदी बोलतो. पहिली दहा मिनिटं हसू येतं. मग येत नाही.

कारण मूळ कथा कच्ची नव्हती. ख्वाजा अहमद अब्बास यांनी आधी यावर पुस्तक लिहिलं होतं, 'अँड वन डिड नॉट कम बॅक'. पाचातले चार परत आले, एक आला नाही. डॉ. बसू १९४३ ला भारतात परतले आणि त्यांच्याकडून अब्बासना सगळी हकीकत मिळाली. पटकथा अब्बास आणि व्ही. पी. साठे यांची. हे अब्बास म्हणजे अजब यंत्र असावं. त्याच १९४६ साली 'धरती के लाल' दिग्दर्शित केला आणि 'नीचा नगर'ही त्यांच्याच लेखणीतला, ज्याला कानच्या महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार विभागून मिळाला. आमच्याकडे एका वर्षात एक मॉड्यूल पूर्ण होत नाही.

मला सगळ्यात रस वाटला तो राजकारणात. युद्धकाळात कच्ची फिल्म सरकारी परवान्यावर मिळायची आणि युद्धाला पाठबळ देणारे सिनेमे काढा म्हणून इंग्रज सरकार मागे लागलेलं. शांतारामांनी काय निवडलं बघा. खलनायक जपानी, त्यामुळे सरकार खूश. नायक काँग्रेसने पाठवलेला देशभक्त डॉक्टर, त्यामुळे प्रेक्षक खूश. एका दगडात दोन पक्षी, आणि दगड सरकारचाच! पण सिनेमा पडद्यावर येईपर्यंत सगळं फिरलं होतं. ज्या सुभाषबाबूंच्या काँग्रेसने पथक पाठवलं, तेच पुढे जपानच्या मदतीने आझाद हिंद सेना घेऊन लढले. १९४६ ला लाल किल्ल्यातल्या खटल्यांवरून देश पेटलेला. आणि सोलापूर तर असल्या बाबतीत आधीपासूनच तिखट. १९३० ला मार्शल लॉ लागलेलं गाव, मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झालेली. (पुण्याहून मी ज्या हुतात्मा एक्स्प्रेसने घरी जातो ती यांच्याच नावाची. डब्यातल्या किती जणांना माहीत असतं कोण जाणे.) अशा गावात, अशा वर्षी, जपानी सैनिक दुष्ट दाखवणारा सिनेमा लोकांनी बघितला तो कशासाठी? मला वाटतं, शेवटासाठी. आजोबांना त्यातली लढाई आठवत नव्हती, जपानीही नाही. बाळ आठवत होतं.

आणि नेमकं तेच घडलं नव्हतं. नकाशा उघडून बघितलं तर हसावं की रडावं. डिसेंबर १९४२ मध्ये उत्तर चीनमधला तो डोंगराळ भाग जपान्यांनी वेढलेला. ब्रह्मदेश त्याच वर्षी जपानच्या हातात गेल्याने भारताकडे येणारा रस्ताच बंद. हिमालयावरून उडणारी लष्करी विमानं तेवढी सुरू. तान्हं मूल घेऊन बाई सोलापूरला येणार कुठून आणि कशी? त्या तिकडंच राहिल्या. पुढे भारतात आल्या, अनेकदा आल्या, कोटणीस कुटुंबीयांना भेटल्या, पण तोवर शालीतलं बाळ बाळ राहिलं नव्हतं. यिनहुआही वडिलांसारखा डॉक्टरकीच शिकत होता. १९६७ ला, पदवी हाताशी आलेली असताना, तोही गेला. पंचविशीसुद्धा पूर्ण नव्हती. छिंगलानबाई मात्र २०१२ पर्यंत होत्या. कोटणीसांची समाधी चीनमध्येच, शिच्याच्वांगला, बेथून यांच्या शेजारी. चीनने १९८२ ला त्यांच्यावर सिनेमा काढला आणि टपाल तिकीटही. आपलं तिकीट १९९३ चं.

म्हणजे हिशोब असा लागतो, की आजोबांनी बघितलेली चिनी सून म्हणजे जयश्रीबाई. अब्बास आणि साठे यांनी मेलेल्या माणसाला घरी आणता येत नाही म्हणून त्याच्या बायकोला आणलं. प्लेगची थाप मला खटकली, कैदेची खटकली. ही खटकत नाहीये, आणि का नाही ते नीट सांगता येत नाहीये. ज्या आईने मुलाला बोटीवर पाठवलं आणि ज्याची राखसुद्धा परत आली नाही, तिच्या दाराशी कुणीतरी यायला हवंच होतं, एवढंच सुचतं.

रविवारी रात्री बाबांना फोन केला. गोळ्या घेतल्या का, जेवण झालं का वगैरे झाल्यावर सांगून टाकलं, "बाबा, ती चिनी बाई बाळ घेऊन स्टेशनवर उतरलीच नव्हती. सिनेमातला सीन आहे तो."

पलीकडं थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाले, "उगं कायतरी बोलू नको. तुझ्या आजोबांनी स्वतः बघितलंय."

"अहो बाबा, पण..."

"जर्मनीचं काय ठरवलंस ते सांग आधी."