धरणाआधीचं इंदापूर: टोपोशीटची कुळकथा

एखाद्या कडक उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी फार खाली गेलं की इंदापूर तालुक्यातलं पळसदेवचं जुनं पळसनाथ मंदिर उघडं पडतं. लोक बघायला जातात, वर्तमानपत्रांत छायाचित्रं येतात. पण मंदिराभोवती गाव कसं वसलं होतं, नदीवर उतरणारी वाट कोणती, गाडीवाट पुढे कुठल्या गावाला जायची, हे त्या छायाचित्रांत सापडत नाही. त्यासाठी धरणाआधीची टोपोशीट उघडावी लागते. उजनी धरण 1980 साली पूर्ण झालं. त्याआधी मोजलेल्या शीटवर धरणाच्या यशवंतसागर जलाशयाचा निळा विस्तार नाही. वळणं घेत जाणारी भीमा आहे आणि तिच्या दोन्ही काठांना गावं आहेत.

शाळेच्या भूगोलात आपण जिला स्थलनिर्देशक नकाशा म्हणतो ती ही शीट गावकऱ्यांसाठी तयार झाली नव्हती. कंपनी सरकारला फौजा हलवायच्या होत्या, सारा वसूल करायचा होता. 10 एप्रिल 1802 रोजी विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ आधाररेषा मोजायला घेतली आणि तिच्यावर त्रिकोणामागून त्रिकोण रचत मोजणी पुढे सरकत गेली. त्याचा मोठा थिओडोलाइट जवळजवळ अर्ध्या टनाचा होता. मोजणी नागपूरच्या दिशेने नेत असताना 1823 साली लॅम्बटन हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्टने नेलं.

पण त्रिकोणांनी फक्त सांगाडा मिळाला. 1827 पासून निघू लागलेल्या ‘ॲटलास ऑफ इंडिया’च्या नकाशांत एका इंचात चार मैल बसवलेले होते. त्यात वाडी, विहीर, पाणंद कुठून मावणार? आपल्या कामाची शीट आली ती 1905 नंतर. सगळा देश एक इंचाला एक मैल या प्रमाणावर नव्याने मोजून रंगीत छापायचा, असं तेव्हा ठरलं. मैलात 63,360 इंच, म्हणून जुन्या शीटवर 1:63,360 हे प्रमाण दिसतं. दशमान पद्धत आल्यावर ते 1:50,000 झालं. एका शीटमध्ये पंधरा मिनिटं अक्षांश आणि पंधरा मिनिटं रेखांश, म्हणजे आपल्याकडे सातशेहून अधिक चौरस किलोमीटर मुलूख येतो. पुण्याचा क्रमांक 47 एफ/14. क्रमांकांची रीत एकदा कळली की कुठल्याही गावाची शीट काढता येते.

माझ्या मते या कुळकथेतला सगळ्यात मोलाचा भाग आहे तो जागेवर चाललेल्या कामाचा. तिपाईवर लाकडी फळी, फळीवर ताणून बसवलेला कागद आणि नेम धरायला एक पट्टी, एवढ्यावर सर्वेक्षक उभा राहायचा. आधी ठरलेल्या बिंदूंवर नेम धरून तो स्वतःची जागा कागदावर काढायचा आणि समोर दिसणारा ओढा, टेकाड, देऊळ तिथल्या तिथे रेखायचा. बरोबर खलाशी, म्हणजे मदतनीस, असत. टेकडीचं, खिंडीचं, वाडीचं नाव मात्र फळीवरून दिसत नाही. ते स्थानिक माणसांना विचारावं लागे. म्हणून शीटवरची बारीकसारीक नावं हा गावाचा स्वतःचा शब्द आहे. इंग्रजी स्पेलिंगने त्यांची मोडतोड केली आहे, पण मोठ्याने वाचून दाखवलं की गावातलं जुनं माणूस ती बरोबर ओळखतं.

इंदापूर निवडायला आणखी एक कारण आहे. मुंबई इलाख्यातली नवी जमीनमोजणी याच तालुक्यात सुरू झाली. प्रिंगल या कंपनीच्या अधिकाऱ्याची आधीची सारापद्धत फसली होती. 1835-36 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इथून नवी मांडणी केली. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे; साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद तो गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. भूमी अभिलेख कार्यालयातला गावनकाशा या घराण्यातला. टोपोशीट जमिनीचा चढउतार, पाणी आणि वाटा सांगते. गावनकाशा शेताचा बांध आणि गावाची शीव सांगतो. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय गाव पुरतं कळत नाही.

शीट वाचताना आधी सूची पाहावी. बांधलेली विहीर आणि कच्ची विहीर यांच्या खुणा वेगळ्या आहेत. गाडीवाट वेगळी, लमाणांचे बैल किंवा तट्टं जातील अशी घाटवाट वेगळी, पायवाट वेगळी. उठून गेलेल्या गावालाही स्वतंत्र खूण आहे. महसूलदप्तरात ज्याला बेचिराख म्हणतात अशा गावाची जागा तिथे सापडू शकते, आणि त्या जागी आज पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचं, टेकाड दिसलं तर थांबून बघायलाच हवं. भीमेवरचा डिकसळचा पूलही जुन्या शीटवर रेल्वेचा आहे. धरणामुळे लोहमार्ग हलवला गेला आणि तो पूल रस्त्याच्या कामी आला.

एक गोष्ट मात्र शीट कधीच सांगत नाही. विहिरीची खूण असते. तिच्यावर पाणी भरायची कुणाला मुभा होती आणि कुणाला मनाई, याची खूण नसते. वाडी दिसते, ती गावकुसाबाहेर का, हे दिसत नाही. त्यासाठी 1885 चा पुणे जिल्ह्याचा गॅझेटियर, पुणे पुरालेखागारातलं पेशवे दप्तर आणि मुख्य म्हणजे माणसं गाठावी लागतात.

बरीच वर्षं या शीटा मिळणंच अवघड होतं. 2005 च्या नकाशा धोरणानंतर भारतीय सर्वेक्षण विभागाची नागरी वापराची मालिका खुली झाली. अमेरिकी सैन्याने 1950 च्या दशकात छापायला घेतलेले भारताचे 1:2,50,000 प्रमाणाचे नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने इंटरनेटवर फुकट ठेवले आहेत. त्यांत वाड्यांचा तपशील कमी असला, तरी धरणापूर्वीची नदी नीट दिसते.

धरणात ज्यांचं गाव गेलं आणि तेव्हा जे विशीत होते, ते आज साठी ओलांडून गेले आहेत. गावच्या शाळेतल्या शिक्षकांना आणि महाविद्यालयातल्या मुलांना माझी विनंती आहे: आपल्या भागाची जुनी शीट मोठी करून छापा, ती घेऊन या माणसांपुढे बसा, प्रत्येक नावावर बोट ठेवून विचारा आणि सांगतील ते मराठीत, सांगणाऱ्याच्या नावानिशी लिहून ठेवा.