तळटीप : स्वतःच्याच पेटार्डने उडणे
पेटार्ड म्हणजे सोळाव्या शतकात वापरात आलेले, घंटेच्या आकाराच्या धातूच्या भांड्यात बंदुकीची दारू ठासून केलेले स्फोटक होय. त्याचे तोंड जाड फळीवर बसवून ते किल्ल्याच्या दरवाजाला भिडवीत आणि वात पेटवून गोलंदाज मागे पळे, मात्र वात वेळेआधी जळाली तर दरवाजाऐवजी त्याच्याच चिंधड्या उडत. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये (अंक ३, प्रवेश ४) नायक हे रूपक आपल्यावर पाळत ठेवणाऱ्या दोन जुन्या सोबत्यांना लावतो आणि पुढे त्यांच्याजवळचा खलिता बदलून ते खरेही करून दाखवतो. रूपकाचा हा उतारा १६०४-०५च्या क्वार्टोत, म्हणजे लहान आकाराच्या सुट्या छापील प्रतीत आहे, १६२३च्या फोलिओ या मोठ्या संग्रहात मात्र नाही. मूळ इंग्रजी क्रियापदाचा येथील अर्थ ‘वर उडवणे’ असल्यामुळे फाशीशी किंवा दोरखंडाशी त्याचा संबंध जोडणे चुकीचे ठरते. ‘आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणे’ हा मराठी पर्याय ढिला आहे, कारण त्यात मूर्खपणा असला तरी दुसऱ्याचा घात करण्याचा हेतू नाही. ‘दुसऱ्यासाठी खणलेल्या खड्ड्यात स्वतःच पडणे’ हा त्याहून बराच जवळचा, आणि प्रस्तुत भाषांतरात जेथे स्फोटाचा संदर्भ गौण आहे तेथे तोच स्वीकारला आहे.